माणूस श्रेष्ठ, पण कशात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस हा सृष्टीतला सर्वश्रेष्ठ जीव, हे वाक्य आपण इतक्या लहानपणी ऐकतो की पुढे ते तपासून पाहावंसं वाटतच नाही. कुणी त्यावर शंका घेतली की ठरावीक प्रश्न येतात. काही मनापासून विचारलेले असतात, काही चिमटा काढण्यासाठी. इथे दोन्ही घेतले आहेत. चिमटे काढणारे काही वेळा जास्त विचार करायला लावतात.

तुमचं म्हणणं तरी काय? माणूस आणि गांडूळ सारखेच?

नाही. सारखे नाहीत आणि सारखे आहेत असं म्हणायची गरजही नाही. कुणी 'श्रेष्ठ' म्हटलं की 'कशात?' असं विचारायला हवं, इतकंच म्हणणं आहे. सर्वांत वेगवान, सर्वांत दीर्घायुषी, न थांबता सर्वांत लांब उडणारा, हे सगळं ठीक, कारण मोजपट्टी समोर असते. नुसतंच 'श्रेष्ठ' म्हणताना ती नसते. मग आपण आपल्या सोयीची एक निवडतो आणि आपलाच पहिला नंबर येतो. परीक्षार्थीनंच प्रश्नपत्रिका काढली आणि उत्तरपत्रिकाही त्यानंच तपासल्या, तर दुसरं काय होणार?

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. एखाद्या बाबतीत माणूस खरोखर पुढे आहे हे मान्य केलं, तरी त्यातून 'म्हणून बाकीचे आपल्यासाठी आहेत' हे निघत नाही. पहिलं विधान क्षमतेचं आहे, दुसरं हक्काचं. एकावरून दुसऱ्यावर मारलेली उडी सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

उत्क्रांतीच्या शिडीवर माणूस सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे ना?

शिडीच नाही. ती कल्पना उत्क्रांतीच्या कितीतरी आधीची. ॲरिस्टॉटलनं सजीवांना कमीअधिक पूर्णत्वाच्या क्रमानं मांडलं होतं. मध्ययुगीन युरोपनं त्याची लांबलचक साखळी केली: तळाला दगडमाती, मग वनस्पती, प्राणी, माणूस, देवदूत आणि सर्वांत वर ईश्वर. या साखळीत राजा शेतकऱ्याच्या वर असणंही 'नैसर्गिक' ठरायचं, हे विसरू नये.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसनं १७३५ साली माणसाला वानरांच्याच गटात बसवलं, तेव्हा अनेकांना ते रुचलं नाही. पुढे १८३७ मध्ये डार्विननं आपल्या वहीत एक वेडंवाकडं रेखाटन केलं. ते फांद्या फुटलेल्या झाडाचं होतं. झाडाला शेंडा असतो असं कुणी म्हणेल, पण या झाडाला एक शेंडा नाही. आज जिवंत असलेली प्रत्येक जात एकेका फांदीचं टोक आहे. डार्विननं एका पुस्तकाच्या समासात 'उच्च' आणि 'नीच' हे शब्द कधीही वापरायचे नाहीत, अशी टीप स्वतःसाठी लिहून ठेवली होती. गंमत म्हणजे पुढे त्यालाही ती पाळता आली नाही.

'माणूस माकडापासून झाला' हे याच शिडीचं पिल्लू. आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही. आपले आणि त्याचे समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून त्याची वाटचाल आपल्याइतकीच लांब आहे. तुमच्या आतड्यातल्या जीवाणूच्या मागेही तुमच्या मागे आहे तेवढाच, अब्जावधी वर्षांचा वंश उभा आहे. गुहेतल्या माशांचे डोळे गेले, पट्टकृमीचं पचनसंस्थेवाचून भागलं, म्हणून ते 'खाली घसरले' असं होत नाही. ते जिथे राहतात तिथे या गोष्टींची गरजच नव्हती.

पण मेंदू? आपला मेंदू सगळ्यांत मोठा आहे.

सगळ्यांत मोठा स्पर्म व्हेलचा, साधारण ८ किलो. आपला सव्वा ते दीड किलोच्या आसपास.

मग म्हणतात, शरीराच्या मानानं बघा. ते बघितलं तर चिचुंदऱ्या आणि काही मुंग्या आपल्या पुढे जातात. मग म्हणतात, चेतापेशी मोजा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी, आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५,७०० कोटी. यावर उत्तर येतं की हत्तीच्या बहुतेक पेशी लहान मेंदूत असतात, विचारांशी जोडलेलं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, मोजायला हवं. हे उत्तर रास्त आहे. तिथे हत्तीकडे सुमारे ५६० कोटी आणि आपल्याकडे सुमारे १,६०० कोटी. पण २०१४ मध्ये लांब परांच्या पायलट व्हेलचं कॉर्टेक्स मोजलं गेलं आणि आकडा आला सुमारे ३,७०० कोटी.

यावरून पायलट व्हेल आपल्यापेक्षा हुशार ठरतो का? नाही, तसा दावा कुणी करू नये. मला यात रस आहे तो आकड्यांपेक्षा माणसांच्या वागण्यात. उत्तर आधी ठरलेलं असतं आणि ते यावं म्हणून कसोट्या बदलत जातात.

जनुकांचंही तेच. माणसाचा जनुकसंच वाचून होण्याआधी अनेकांची अपेक्षा लाखभर जनुकांची होती. निघाली सुमारे २०,०००, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीइतकीच. एकूण डीएनएची लांबी पाहावी तर नेचेवर्गातली एक छोटीशी वनस्पती आपल्या पन्नासपट पुढे आहे.

अवजारं, भाषा, संस्कृती हे तर फक्त आपल्याकडेच आहे ना?

अवजारांचा दावा १९६० साली मोडला. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडाल यांनी चिंपांझीला काडीची पानं ओरबाडून, ती काडी वारुळात खुपसून वाळवी बाहेर काढताना पाहिलं. म्हणजे अवजार वापरणं तर होतंच, ते तयार करणंही होतं. त्यांचे मार्गदर्शक लुई लीकी यांची प्रतिक्रिया प्रसिद्ध आहे: आता एकतर अवजाराची व्याख्या बदला, नाहीतर माणसाची, नाहीतर चिंपांझीला माणूस माना. चौथा पर्याय होता, तो म्हणजे व्याख्येचा हट्टच सोडायचा. पुढे २००२ मध्ये ऑक्सफर्डला बेट्टी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीनं सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली छोटी बादली वर ओढली.

संस्कृती म्हणजे जन्मजात नसलेली, एकमेकांकडून शिकलेली रीत, असं म्हटलं तर तीही आपली मिरास नाही. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये एका तरुण माकडिणीनं रताळी पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. आधी तिच्या जवळच्यांनी, मग टोळीतल्या बहुतेकांनी ते उचललं. स्पर्म व्हेलच्या वेगवेगळ्या कुळांचे खटखट आवाजांचे 'बोल' वेगवेगळे असतात आणि पिल्लं ते थोरांकडून शिकतात.

भाषेपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथे प्राणीप्रेमी मंडळी हात सैल सोडतात. मधमाशी नाचून पोळ्यातल्या इतरांना फुलांची दिशा आणि अंतर सांगते; कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. जपानमधला टिट नावाचा छोटा पक्षी दोन हाका ठरावीक क्रमानं जोडतो आणि क्रम उलटला तर ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद बदलतो. तरी मर्यादित शब्दांतून अमर्याद वाक्यं बांधणारं व्याकरण माणसाखेरीज कुणाकडे सापडलेलं नाही. चिंपांझींना खुणांची भाषा शिकवण्याचे १९७० च्या दशकातले प्रयोग गाजले खरे, पण निम नावाच्या चिंपांझीच्या चित्रफिती नीट पाहिल्यावर त्याच्या बऱ्याचशा खुणा शिक्षकाच्या खुणांची नक्कल निघाल्या.

तेव्हा भाषा, लेखन आणि एका पिढीच्या ज्ञानावर दुसऱ्या पिढीनं मजले चढवत जाणं, या प्रमाणात हे फक्त माणसानं केलं. मला हे निःशंक मान्य आहे. हत्तीची सोंडही फक्त हत्तीकडेच आहे. वेगळेपणाला वरचढपणा म्हणायचं तर प्रत्येक जात कशात ना कशात वरचढ निघेल.

प्राण्यांत माणसाच्या भावना शोधणं हा भाबडेपणा नाही का?

असू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपास केला. घोडा गणित करत नव्हता. उत्तराचा आकडा जवळ आला की प्रश्नकर्त्याच्या मानेत, चेहऱ्यात होणारा बारीकसा बदल तो टिपायचा. तेव्हापासून प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही काळजी घेतली जाते. (घोड्यानं केलं तेही काही कमी नव्हतं. जमलेल्या विद्वानांना स्वतःच्या हालचाली दिसत नव्हत्या, त्या त्याला दिसत होत्या.)

पण याच्या उलटी चूक जास्त महाग पडली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं प्राण्यांना यंत्रं मानलं, आणि जिवंत कुत्री फाडणाऱ्यांना त्यांचं ओरडणं यंत्राच्या कुरकुरीसारखं मानायची सोय झाली. वेदना नाकारण्याची ही सवय प्राण्यांपुरती राहिली नाही. नवजात बाळांना फारशी वेदना होत नाही या समजापोटी १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्या शस्त्रक्रिया अगदी कमी भुलीवर, कधी भुलीशिवाय होत. जो बोलून सांगू शकत नाही त्याला दुखत नाही, असा तो हिशेब होता.

आरशाची कसोटी घ्या. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावला. आरशात पाहून त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावर हात नेला. कुत्रा यात नापास होतो आणि लोक म्हणतात, त्याला स्वत्वाची जाण नाही. कुत्र्याचं जग वासाचं आहे, आरशाला वास नाही. पुढे २०१९ मध्ये इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा क्लीनर रॅस हा बोटभर मासा या कसोटीत उत्तीर्ण झाल्याचं जपानमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. लगेच प्रश्न निघाला की ही कसोटी पुरेशी आहे का. प्रश्न योग्यच होता. चिंपांझी पास झाले तेव्हा तो एवढ्या जोरात आला नव्हता, इतकंच.

नीतिमत्ता तरी फक्त माणसाकडे आहे ना?

नीतीवर वाद घालणं, नियम लिहिणं, शंभर वर्षांनी ते चुकीचे ठरवणं, हे आपल्याकडेच दिसतं. त्याखालचा पाया बराच जुना आहे. एका प्रयोगात (१९६४) ऱ्हीसस माकडांसमोर साखळी होती: ओढली की खाणं मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेकांनी ती साखळी टाळली. एक तर बारा दिवस उपाशी राहिलं. प्रयोग करणाऱ्या माणसांबद्दल काय म्हणावं ते वाचकानं ठरवावं.

आणि नीतीची समज ही आपली खासियत असेल तर ती आपल्याला बांधते. वाघाला दोष देता येत नाही, आपल्याला देता येतो. यातून सवलत कशी निघते ते मला कधीच समजलेलं नाही.

सिंह हरणाला खातो, मग आपण खाल्लं तर काय बिघडलं?

सिंह दुसऱ्या नराची पिल्लंही मारतो. तिथे त्याचा आदर्श कुणी घेत नाही. एकाच वादात 'आम्ही प्राण्यांहून श्रेष्ठ' आणि 'प्राणीही तेच करतात' ही दोन्ही वाक्यं वापरता येत नाहीत. एक निवडा.

झाडांनाही जीव असतो. त्यांचं काय?

असतो, आणि झाडं निष्क्रिय नसतात. अळीनं पान कुरतडलं की कॅल्शियमच्या लाटेतून इशारा दूरच्या पानांपर्यंत जातो. २०१८ मध्ये याचं लखलखीत चित्रण झालं. मात्र त्यांना मज्जासंस्था नाही, मेंदू नाही आणि इशारा जाणं म्हणजे वेदना होणं नव्हे. झाडांना दुखतं असं म्हणायला आज पुरावा नाही.

हा प्रश्न बहुतेकदा झाडांच्या काळजीपोटी येत नाही. तो काळजीपोटी आला असेल, तर जनावरं वाढवायला वनस्पती जास्तच लागतात हेही पाहावं. कुरणं धरून जगातली तीन चतुर्थांशाहून जास्त शेतजमीन पशुपालनाकडे जाते आणि माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांत तिचा वाटा पाचव्या भागाहूनही कमी आहे.

म्हणजे सगळ्यांनी शाकाहारी व्हा, असंच ना?

इथून थेट तो निष्कर्ष निघत नाही. बर्फाळ प्रदेशात सीलवर जगणाऱ्या माणसाला कुणी आहार शिकवू नये. पण 'ते आपल्यासाठीच आहेत' हे कारण काढून घेतल्यावर दुसरं कारण द्यावं लागतं. जगण्याची गरज हे कारण आहे. पिंजऱ्यात वळायलाही जागा न ठेवता प्राणी वाढवायला ते पुरत नाही. आणि हे थोडंथोडकं नाही: २०१८ च्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांचं एकूण वस्तुमान मोजलं तर सुमारे ६० टक्के पाळीव जनावरांचं, ३६ टक्के माणसांचं आणि हत्ती, व्हेल, वाघ, उंदीर असे सगळे वन्य सस्तन मिळून ४ टक्के.

डास मारायचा की नाही?

मारा. स्वसंरक्षणाला श्रेष्ठत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही.

घराला आग लागली. आत एक मूल आणि एक कुत्रा. कुणाला वाचवाल?

मुलाला. आता प्रश्न थोडा बदला: आत माझं मूल आणि परक्याचं मूल आहे. बहुतेक जण आधी आपलं उचलतील. त्यावरून परक्याचं मूल कनिष्ठ ठरतं का? त्याला उपाशी ठेवायचा, त्याच्यावर औषधं तपासायचा हक्क मिळतो का? आणीबाणीत कुणाला आधी वाचवलं, यावरून रोजच्या दिवशी कुणाशी कसंही वागायची मुभा काढता येत नाही. अशी आग लागलेली घरं वादविवादात जितकी असतात तितकी प्रत्यक्षात नसतात, हेही आहेच.

माणूसच नसेल तर या सृष्टीला अर्थ काय?

अर्थाचं सांगता येत नाही, कारभाराचं सांगता येतं. मघाच्याच २०१८ च्या अंदाजात पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांत मिळून सुमारे ५५० अब्ज टन कार्बन आहे: वनस्पतींत ४५०, जीवाणूंत ७०, सगळ्या माणसांत ०.०६. आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन हवेत पहिल्यांदा साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंमुळे. त्यांच्यातलाच प्रोक्लोरोकोकस हा समुद्रातला सूक्ष्मजीव आजही प्रचंड प्रमाणात प्रकाशसंश्लेषण करतो. तो आहे हे आपल्याला १९८० च्या दशकात कळलं. आपली जात सुमारे ३ लाख वर्षांची. त्याआधी हे सगळं आपल्यावाचून नीट चाललं होतं.

'आपण' म्हणजे तरी कोण? एका माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी मानवी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्या मानवी पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही मुळात स्वतंत्र जीवाणू होत्या. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार पुराव्यानिशी मांडला तेव्हा हसणारे कमी नव्हते. आज तो पाठ्यपुस्तकात आहे.

धर्मात तर माणूस श्रेष्ठच सांगितला आहे.

बहुतेक धर्मपरंपरांत दोन्ही सूर आहेत, सत्ता सोपवल्याचाही आणि राखण सोपवल्याचाही. सोयीचा सूर मोठ्यानं ऐकू येतो.

यातून माणसाचीच किंमत कमी होत नाही का?

या प्रश्नामागची भीती खरी आहे. प्राण्यांना वर घेतलं तर माणूस खाली जाईल असं वाटतं. पण इतिहासात माणसांना खाली ढकलायला उपयोगी पडली ती शिडी. वरच्या पायरीवर 'माणूस' आणि खाली 'पशू' असं एकदा ठरलं की कुणालाही खालच्या पायरीच्या जवळ ढकलता येतं. काँगोमधून नेलेल्या ओटा बेंगा या तरुणाला सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात माकडांच्या विभागात लोकांना 'दाखवण्यासाठी' ठेवलं होतं. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. दहा वर्षांनी त्यानं आत्महत्या केली. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेनं जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये. 'पशूसारखं वागवणं' याचा अर्थ 'कसंही वागवणं' असा ज्या जगात होतो, तिथे पशू ठरवलेला माणूसही सुरक्षित नसतो.

दुसऱ्या टोकालाही मी उभा नाही. 'माणूस म्हणजे पृथ्वीला झालेला कॅन्सर' असं म्हणणाऱ्यांचा मला तितकाच कंटाळा आहे. ती श्रेष्ठत्वाचीच उलटी प्रत आहे, कारण त्यातही सगळ्या गोष्टीच्या मध्यभागी आपणच. शिवाय जंगल राखून जगणारा आणि जंगल विकणारा, दोघांना एकाच आरोपात कोंबण्याची त्यात सोय होते.

हे प्रश्न विचारणारा, उत्तरं लिहिणाराही माणूसच. हाच श्रेष्ठत्वाचा पुरावा नाही का?

मला आलेल्यांतला हा सर्वांत चांगला प्रश्न. स्वतःच्या जातीवर शंका घेणारा दुसरा प्राणी माहीत नाही, हे खरं. पण इथे पुन्हा सुरुवातीची मोजपट्टी आली: आपल्याला जे जमतं तेच सर्वांत मोलाचं. मधमाशीला दिसणारा अतिनील प्रकाश आपल्याला दिसत नाही, शार्कला जाणवणारी वीज आपल्याला जाणवत नाही. जन्माला येऊन काही महिने झालेल्या एका गॉडविट पक्ष्यानं २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता पार केलं. वाट दाखवायला कुणी बुजुर्ग लागतोच असंही नाही. वटवाघूळ असणं म्हणजे कसं वाटत असेल, हे तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये विचारलं, आणि बाहेरून कितीही माहिती गोळा केली तरी ते आतून कळणार नाही असं म्हटलं. जे आतून माहीतच नाही ते आपल्यापेक्षा हलकं आहे, हे कुठून कळलं?

कायद्यात काही बदललं आहे का, की नुसतीच चर्चा?

थोडं बदललं आहे, तेही अडखळत. इक्वेडोरनं २००८ च्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिले. न्यूझीलंडनं २०१७ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. न्यूयॉर्कमध्ये हॅपी नावाच्या हत्तिणीला मोकळं करावं म्हणून खटला चालला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला. हॅपी ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातच होती.

ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात संवेदनशील प्राण्यांच्या यादीत पाठीच्या कण्याच्या प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, खेकडे आणि लॉब्स्टर यांनाही घेतलं. ते घेण्याआधी सरकारनं त्यांना वेदना होते का याचा पुरावा तज्ज्ञांकडून तपासून घेतला होता. मात्र त्या कायद्यानं जिवंत खेकडा उकळण्यावर थेट बंदी आली नाही. धोरण ठरवताना या प्राण्यांचा विचार झाला की नाही यावर अहवाल देणारी एक समिती तेवढी नेमली गेली. स्वित्झर्लंडनं लॉब्स्टरला आधी बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला २०१८ मध्येच मनाई केली.